वारा फिरायच्या आत

एसटी आमच्या वाडीच्या चढाला लागली तसा खिडकीतून धुराचा वास आत आला. शेजारच्या बाईने रुमाल नाकाशी धरला आणि म्हणाली, "काय जळतंय का हो कुठे?" बोलण्यावरून मुंबईची वाटली. मी म्हटलं, "भाजावळ आहे. काही नाही." आणि "काही नाही" म्हणता म्हणता माझाच हात समोरच्या सीटच्या दांड्याला घट्ट बसला. सात वर्षं झाली. दर मार्चला हा वास येतो आणि दर मार्चला हेच होतं. मी काही फार हळवी बाई नाही. रत्नागिरीत एका लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या दंडात सुया टोचते, लोक ओरडतात आणि मी पुढचा नंबर पुकारते. पण हा एक वास मला सोसवत नाही, त्याला काय करणार.

भाट्याच्या खाडीजवळ माझी भाड्याची खोली आहे. तिथे मार्च महिना आला काय नि गेला काय, कळत नाही. तिथे समुद्राचा वास, सुकत्या मासळीचा वास, रिक्षांचा धूर. शिमग्याला मात्र घरी यावंच लागतं. बाकी कुठल्या सणाला दांडी मारली तर आई फोनवर चार शब्द सुनावते आणि विसरते. शिमग्याला देवीची पालखी दारात येते, तेव्हा लेक दारात नाही म्हणजे काय! मग मी येते. बॅग पडवीत टाकते, तोंड धुते आणि पहिल्यांदा वर बघते, आंब्याचा शेंडा हलतो आहे की नाही ते. ही सवय तेव्हापासूनची.

भाजावळ म्हणजे आमची जूनची तयारी. पाऊस पडला की ज्या कोपऱ्यात भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, करायची, तो कोपरा मार्चमध्ये भाजून घ्यायचा. आधी शेण पसरायचं. त्यावर झाडांची तोडलेली कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या. त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, वर मूठमूठ बारीक माती. मग काडी लावायची. गवताचं बी जळतं, जमीन मोकळी होते, रोपं काळीभोर हिरवी येतात. पातेरा गोळा करताना हाताला ओंबील, म्हणजे लाल मुंग्या, चावतात, कवळं वाहून मान अवघडते, नाकात आठवडाभर काळं. लहानपणी मला यातलं सगळं आवडायचं. सगळ्यात आवडायचं ते गरम राखेत पुरलेलं रताळं.

आणि नियम एकच. वारा फिरायच्या आत. सकाळी वारा डोंगराकडून खाली उतरतो, अगदी गरीब. तो असताना भाजायचं, आणि आग वाऱ्याच्या उलट दिशेने चालवायची, म्हणजे ती हळूहळू खात जाते. दहा-साडेदहाला हा वारा पडतो. मग मालगुंडच्या अंगाने खारा वारा सुटतो, आणि तो सुटला की काडीला हात लावायचा नाही. आई म्हणायची, "खाऱ्या वाऱ्यात चूल पेटवायची, कोपरा नाय." वाडीतलं पाच वर्षांचं पोरसुद्धा हे सांगेल. मला तर ते दहावीच्या धड्यांपेक्षा पाठ होतं.

माझं दहावीचं वर्ष होतं ते. तो मार्च आठवतो तो असा: पडवीत चटई, चटईवर मी, मांडीवर अपेक्षित प्रश्नसंच, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडून विचारतोय, "काय गो, झाला का आभ्यास?" बाबा मुंबईला छापखान्यात. त्यांचा रोज फोन, आणि फोनवर एकच वाक्य, "आईच्या कामाला हात लावू नको, तू वाच." घरात आम्ही दोघीच. आई पहाटे उठून लोकांच्या बागेत काजू वेचायला जायची, तिच्या हाताला काजूच्या डिंकाचे काळे डाग पडलेले असायचे. आणि मी वाचायचे. तिचे हात दिसले की वाचलेलं डोक्यात शिरायचं नाही.

गणिताचा पेपर झाला होता आणि विज्ञानाच्या आधी मध्ये सुट्टी होती. आई निघताना म्हणाली, "कोपऱ्याकडं जाऊ नको. उंद्या फाटफटी दोगी मिळून भाजू." मी हो म्हटलं. आणि नऊ वाजता मनात आलं, उद्या सकाळी ही कोपरा भाजणार, मग तशीच काजूला पळणार, आणि मी मध्ये लुडबुड करणार. त्यापेक्षा आज करून टाकू, संध्याकाळी ती आली की कोपरा काळा बघून चकित होईल. खरं सांगायचं तर थोडा माजही होता. गणिताचा पेपर बरा गेला होता ना! बरा पेपर गेलेल्या पोरीला जगात काय अवघड आहे?

कोपऱ्याच्या तीन बाजूंचं गवत मी खराट्याने साफ केलं. चौथ्या बाजूला गडगा होता, कंबरेएवढा, चिऱ्याच्या दगडांचा, नुसता रचलेला. तिकडे मी काही केलं नाही. दगड काय जळतो काय? तिथेच फसले. रचलेल्या गडग्याच्या फटीफटीत वर्षभराचा पातेरा साचलेला असतो, अगदी आरपार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच लहानपणी त्या फटींत चिंचोके लपवायचे. पण त्या वेळी ते डोक्यात आलं नाही.

या सगळ्यात साडेदहा झाले. मी वर पाहिलं. आंब्याचा शेंडा हलत नव्हता. पान हलत नव्हतं. वाटलं, वाराच नाही आज, यापेक्षा बरी वेळ कुठली? डोंगरातला वारा पडला होता आणि खारा अजून सुटायचा होता, तेवढी मधली पाच-दहा मिनिटं होती ती. मी काडी ओढली.

पहिली पाच मिनिटं सगळं कसं छान. पातेरा चुरचुरत होता, धूर सरळ वर जात होता, मी कमरेवर हात ठेवून उभी. मग मानेवरचा घाम एकदम गार झाला. धूर आडवा पडला. आणि आग, जी माझ्यापुढे रांगत होती, ती उठून धावायला लागली. मी पळत जाऊन किंजळीच्या झाडाचा टहाळा तोडला आणि झोडपायला लागले. केस करपल्याचा वास आला, ते माझेच होते. कळशीभर पाणी होतं ते गडग्यावर ओतलं. कोपरा पंधरा मिनिटांत जळून गेला, जो तासभर जळायला हवा होता. गडग्यापलीकडे डोकावले तर ओंजळभर गवत काळं झालेलं. मी तिकडे उडी मारून ते पायाने चुरडलं. धूर नव्हता. दोनदा बघितलं, नव्हता. घरी आले, नहाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, केस दोनदा साबणाने धुतले आणि विज्ञानाचं पुस्तक उघडून बसले. वाटत होतं, सुटले बाबा.

एक वाजता सुमनकाकीची हाक आली. हाक कसली, किंकाळी. "धावा गो! माजी बाग जळाली!"

सुमनकाकी आमच्या वरच्या अंगाला राहते. नवरा गेल्यावर दिराच्या दारात न राहता तिने ती वरकस, डोंगरउताराची जमीन कसायला घेतली आणि काजूची कलमं लावली. आमच्या गडग्याला लागूनच. तीन उन्हाळे पऱ्यावरून, म्हणजे ओढ्यावरून, डोक्यावर पाणी नेऊन घातलं तिने त्या कलमांना. सकाळी दोन खेपा, संध्याकाळी दोन. त्या वर्षी पहिल्यांदा मोहोर धरला होता. शाळेतून येताना ती मला थांबवून दाखवायची, "बग गो, ह्याला पण आला."

मी पोचले तेव्हा माणसं टहाळे घेऊन आग झोडपत होती. सगळ्यांच्या पुढे वाडीतले गणूतात्या. ते शेजारच्या उतारावर बैल चारत होते, त्यामुळे सगळ्यात आधी तेच पोचले होते. लुंगी वर खोचलेली, भुवया जळलेल्या, उजव्या हाताची कातडी लाल झालेली, आणि ओरडत होते, "खालनं मारा रे, खालनं! वर काय बडवताव!" मीही मारत होते. पाठीमागे कोणीतरी म्हणालं, "पोरी, तू जा, तुजी परीक्षा हाय." मी गेले नाही. माझ्यापेक्षा जास्त जोराने त्या दिवशी कोणी टहाळा मारला नसेल.

आग विझली. अर्धीअधिक कलमं गेली. सुमनकाकी रडली नाही. ती एकेका झाडापाशी जाऊन नखाने साल खरवडत होती, आत हिरवं दिसतं का बघायला. खरवडायची, बघायची आणि पुढच्याकडे जायची. मला ते बघवेना, आणि नजरही काढता येईना.

आई तिन्हीसांजेला आली. वाटेतच तिला कळलं होतं. घरात न येता ती सरळ कोपऱ्याकडे गेली. मी पडवीतून बघत होते. ती वाकली आणि राखेत हात घातला. राख आत अजून गरम असणार. तिने हात काढला आणि पदराला पुसला. मग घरात आली, चूल पेटवली आणि म्हणाली, "भात खातीस का पेज?" एवढंच.

त्याच रात्री वाडी सुमनकाकीच्या अंगणात बसली. आमच्याकडे असं काही झालं की मोठे गावकर मध्ये बसतात आणि वाडीचा शब्द त्यांच्या तोंडून निघतो. पोलीस नाही, कागद नाही. माणसं बसतात, बोलतात आणि ठरतं.

"पयला तिथं कोण व्हता?" गावकरांनी विचारलं.

"मी," तात्या म्हणाले. हाताला फडकं बांधलं होतं.

"बिडी वडत व्हतास?"

"वडत व्हतो. खाली पऱ्याजवळ. आणि ती पाण्यात टाकलेली."

"कोण बगणारा व्हता का?"

"बैल व्हते," तात्या म्हणाले. दोघंतिघं हसले. तात्या हसले नाहीत.

मग गावकर आईकडे वळले. "वयनी, तुमचा कोपरा तिथंच गडग्याला हाय. तो कदी भाजलात?"

आई माझ्या बाजूला बसली होती. तिचा दंड माझ्या दंडाला लागत होता. "काल," ती म्हणाली. "काल फाटफटी."

काळा पडलेला कोपरा कालचा की आजचा, हे बघून कोण सांगणार? आणि आमची आई खोटं बोलेल असं वाडीत कोणाच्या मनातही आलं नसतं. मी तोंड उघडलं, आणि तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. जोरात दाबला नाही, नुसता ठेवला. मी तोंड मिटलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, मी..."

"माज्या ध्यानात आलाय. परीक्षा होऊंदे. मंग बोलू."

"पण तात्या..."

"तुजा बापूस तिकडं एकटा. हिकडं आपण दोगी. काय काय अंगावर घेऊ मी?" आणि एकदम तिचा आवाज चिरकला. "तुला सांगितला व्हता ना गो, कोपऱ्याकडं जाऊ नको म्हणून! सांगितला व्हता ना?" मग ती पाठ फिरवून भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

वाडीने तात्यांना जी शिक्षा केली ती बाहेरच्या माणसाला शिक्षाच वाटायची नाही. त्या शिमग्याला त्यांनी पालखीला हात लावायचा नाही, एवढंच. पण तात्यांना पालखी नाचवताना ज्याने बघितलं आहे त्याला विचारा. एरवी हा माणूस बैलांशी जास्त बोलणारा आणि माणसांशी कमी. कुठल्या बैठकीत पुढे बसणार नाही. पण ढोल घुमला आणि पालखीची दांडी खांद्यावर आली की वेगळाच माणूस! पालखीला पुढे एक आणि मागे एक, दोघांच्या खांद्यांवर दांडी, मध्ये देवी. तात्या पुढे. गुडघ्यात वाकायचे, गिरकी घ्यायचे, खांद्यावरची दांडी हात न लावता डोक्यावर घ्यायचे, पुन्हा खांद्यावर, आणि सगळ्या वेळ डोळे मिटलेले. हेदवीपासून माणसं यायची बघायला. बायका तोंडावर हात धरून उभ्या राहायच्या. वर्षातले तेवढे पाच-सहा दिवस तात्या कोणीतरी असायचे.

आणि त्या वर्षी होळी पेटली तेव्हा ते आपल्या पडवीत बसले होते.

पुढचे आठ दिवस मला दिवसांसारखे आठवत नाहीत. विज्ञानाचा पेपर लिहिला. काय लिहिलं देव जाणे. मी जेवायचे नाही तेव्हा आई ताट पुढे सरकवायची, आणि ती जेवायची नाही तेव्हा मी. एकमेकींशी आम्ही फक्त कामाचं बोलत होतो. रात्री झोप नाही ती नाहीच. वाडीत आता तात्या दिसले की माणसं बोलणं थांबवायची. तात्या मात्र दारोदार जाऊन सांगत होते. आधी गावकरांना, मग ढोलवाल्यांना, मग पालखीच्या मागच्या खांदेकऱ्याला, ज्याच्याबरोबर ते तीस वर्षं नाचले होते. "मी नाय रे. देवीची आण, मी नाय." माणसं म्हणायची, "असूदे तात्या, झाला ता झाला." म्हणजे काय, तर तूच.

एके सकाळी थांब्यावर मी एसटीची वाट बघत होते, पेपरला जायला. तात्या बैल घेऊन आले. थांबले. फडक्यातला हात पोटाशी धरलेला. म्हणाले, "बाय, कालचा पेपर कसा गेला?"

मी म्हटलं, "बरा."

"लिव, नीट लिव. घाबरू नको." आणि बैलांना हाकत गेले. मी एसटीत बसले आणि संपूर्ण वाट खिडकीबाहेर बघत रडले. कंडक्टरला वाटलं परीक्षेची भीती. त्याने तिकिटासाठी दोनदा हाक मारली नाही, एवढं मात्र केलं.

भूगोलाच्या आदल्या दिवशी दुपार कलताना पालखी आमच्या अंगणात आली. आईने अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, ओटीचं ताट भरलं होतं. पालखी पाटावर टेकली. वाडी सगळी अंगणात, सुमनकाकीही होती, आणि गडग्याच्या बाहेर, वाटेवर, तात्या. पालखीला हात लावायचा नव्हता, बघायला कोणी बंदी केली नव्हती.

मोठ्या गावकरांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आमच्याकडे गाऱ्हाणं असं घालतात की गावकर देवीशी बोलतात आणि प्रत्येक वाक्याला सगळे एका आवाजात हो म्हणतात.

"हे आये म्हाराजा, आज तुजी लेकरा तुज्या पायाशी उबी हायत!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरचा धनी परमुलखात हाय, त्याला सांबाळ!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या घरची लेक परीक्षेला बसलेय, तिला यश दे!"

"व्हय म्हाराजा!"

माझे कान तापले. गावकर थांबले, आवाज चढवला. "आणि सुमनच्या बागेला ज्यानं आग लावलान, जो तुज्यापुढं उबा ऱ्हाऊन तोंड उगडीत नाय, त्याचा त्याला भोगूदे! वाडीला त्याची झळ लागू देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांच्या आवाजावर एक आवाज आला, गडग्याबाहेरून. तात्यांचा. सगळ्यात मोठा. छातीच्या तळापासून. त्यांना काय भीती होती? त्यांना हवंच होतं की देवीने बघावं. आणि अंगणात एकटी मी होते जिने व्हय म्हटलं नव्हतं. आईनेही नव्हतं, पण ते मला नंतर कळलं.

"मी लावली," मी म्हटलं.

आवाज फुटला नाही नीट. गावकर म्हणाले, "काय गो?"

"आग मी लावली. आमच्या कोपऱ्यातून गेली. साडेदहाला भाजला मी कोपरा, वारा फिरायच्या वेळेला. गडग्यातून पलीकडे गेली. तात्यांनी नाही लावली."

मग आईने ओटीचं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आणि मी खोटा बोलले. कोपरा त्याच दिवशीचा. राख गरम व्हती." मी तिचा हात धरला. तो गार पडला होता.

मला वाटलं होतं आता आभाळ कोसळेल. सुमनकाकी पुढे आली, माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "सांगायचा ना गो मंग. मी रोज उठून तात्याला शिव्या घालीत व्हते." आणि मग ती रडली, आठ दिवसांत पहिल्यांदा, आमच्या पायरीवर बसून. गावकरांनी डोकं हलवलं. "पोर हाय. चुकली. देवीपुढं बोलली, खूप झाला." मग एकेक जण बोलायला लागला. धीराची हो पोर. कोण बोललं असतं? परीक्षा तोंडावर आणि तरी बोलली. बघता बघता अंगणात माझं कौतुकच सुरू झालं. कोणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी बधिर उभी होते. पाच मिनिटांत मी सुटले होते. एका वाक्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता, साक्षीदार कोणी मागितला नाही, आणि मला हसलंही कोणी नाही.

"तात्या," गावकर ओरडले, "ये रे. धर खांदा. झाला गेला सोड."

तात्या अंगणात आले. चपला बाहेर काढल्या, पालखीला हात लावून तो कपाळाला लावला. जाता जाता मला म्हणाले, "उंद्याचा पेपर कसला?"

"भूगोल."

"जा, वाच मंग."

त्यांनी दांडी खांद्यावर घेतली. ढोलवाल्यांनी नाचवायचा ताल धरला, जोरात, मुद्दाम. सगळे गोल करून उभे राहिले. तात्या नाचले नाहीत. पालखी सरळ खांद्यावर घेऊन, एक एक पाऊल टाकत, पुढच्या घराकडे गेले.

परीक्षा संपली आणि शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी माझी गोष्ट सांगितली, नाव घेऊन. टाळ्या वाजल्या. मी उन्हाळाभर सुमनकाकीच्या नव्या कलमांना पऱ्यावरून पाणी घातलं, पुढच्या उन्हाळ्यातही घातलं. आता ती झाडं माझ्या डोक्याच्या वर गेली आहेत आणि काकी मला काजूगर पाठवते, डबा भरून. तिचं माझं जुळलं. तात्या मात्र त्या वर्षापासून नाचले नाहीत. पालखीला खांदा दर वर्षी देतात, पहिला मान त्यांचाच. पण नुसती नेतात. माणसं म्हणतात, गुडघे गेले तात्याचे. हेच गुडघे आषाढात चिखलात दिवसभर नांगर धरतात.

या वर्षी मी ठरवूनच आले होते. काल दुपारी त्यांच्या पडवीत गेले. ते दोर वळत बसले होते. उजव्या हातावरची कातडी अजून वेगळ्या रंगाची आहे. मी फार पाल्हाळ लावलं नाही. विचारलं, "तात्या, तुम्ही नाचत का नाही?"

ते दोर वळत राहिले.

"नाचताना डोळे मिटतात, बाय," ते म्हणाले. "मिटावेच लागतात, त्याबिगर ताल अंगात येत नाय. मागचा माणूस दांडी सोडणार नाय, भोवतीची माणसा आपल्याला पडू देणार नाय, येवडा वाटावा लागता. तीस वर्सा वाटला. मंग त्या आठ दिवसांत येकेकाच्या दारात जाऊन सांगून बगितला. येकानपण इचारलान नाय, तात्या, खरा काय ता सांग." त्यांनी दोराला पीळ दिला. "आता डोळे मिटत नायत."

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"तुज्यामुळं आग लागली. तुजा येवडाच. बाकीचा त्यांचा हाय, ता तू कशाला उचलतीस?" आणि मग, जरा थांबून, "चाय घेणार?"

चहा घेतला. त्यानंतर आम्ही बैलांबद्दल बोललो.

आज पालखी आली. अंगणात नवी पोरं होती, मुंबईहून आलेली. गावकर आता थकलेत, गाऱ्हाणं त्यांचा मुलगा घालतो. गाऱ्हाणं झालं, ओटी भरली, आणि तो त्या पोरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लागला, "हीच ती. दहावीला व्हती, पालखीपुढं उबी ऱ्हाऊन खरा बोलली." पोरं कौतुकाने बघायला लागली. दर वर्षी हे होतं, आणि दर वर्षी मी मान खाली घालून हसते.

"माझ्याआधी तात्या खरं बोलत होते," मी म्हटलं. "आठ दिवस. तुमच्या सगळ्यांच्या दारात येऊन."

ढोलवाल्याची काठी वरच्या वर राहिली. मागचा खांदेकरी खाली बघायला लागला. आई दारात उभी होती, ती आत गेली नाही. कोणीतरी खाकरलं.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सगळ्यांकडे, एकेकाकडे. मग दांडी खांद्यावर घेतली आणि उघड्या डोळ्यांनी पालखी पुढच्या घराकडे घेऊन गेले.